नैराश्य आणि वाढलेले पिणे: मोबाईलवरची मदत कोणत्या क्रमाने घ्यावी

रात्रीचा दीड वाजलेला असतो, अंगात तीन पेग असतात आणि हातात मोबाईल असतो. अशा अवस्थेत ‘नैराश्य’ किंवा ‘दारू कशी सोडावी’ असे शोधून एकामागून एक चार ॲप डाउनलोड केली जातात. दुसऱ्या दिवशी दुपारी, डोके जड असताना, त्यांपैकी एक उघडून पहिल्याच स्क्रीनवर ‘आजपासून पूर्ण बंद’ हा पर्याय निवडला जातो. शनिवारी तो निश्चय मोडतो, रविवारी चारही ॲप काढून टाकली जातात आणि ‘ऑनलाइन मदत माझ्या उपयोगाची नाही’ हे मनात पक्के बसते. हा प्रकार इतक्या जणांच्या बाबतीत इतक्या सारख्या रीतीने घडतो की त्याचा दोष त्या मुलामुलींच्या निश्चयाला देणे मला अन्यायाचे वाटते. जी पायरी पाचवी घ्यायची ती पहिली घेतली जाते आणि तिच्या आधीच्या चार पायऱ्या राहूनच जातात.

हा लेख साधारण १८ ते ३० वयाच्या अशा व्यक्तींसाठी आहे, ज्यांचे मन काही आठवड्यांपासून खालावले आहे आणि ज्यांचे पिणे हाताबाहेर जाऊ लागले आहे. त्यांच्या जवळच्या माणसांसाठीही एक भाग पुढे आहे. ॲप, ऑनलाइन कार्यक्रम, व्हिडिओवरील समुपदेशन आणि मेसेजवरून मिळणारा आधार या सगळ्यांना येथे ‘डिजिटल मदत’ म्हटले आहे. ही मदत डॉक्टरांच्या जागी वापरायची नसून त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आणि दोन भेटींमधले दिवस नीट जावेत यासाठी वापरायची आहे.

सुरुवात करण्यापूर्वी: दोन्ही प्रश्न एकाच आराखड्यात ठेवा

‘आधी मन ठीक होऊ दे, मग दारूचे बघू’ असे पिणारा म्हणतो. ‘आधी दारू सोड, मग मनाचे बघू’ असे घरचे म्हणतात. दोन्हींमध्ये अर्धा प्रश्न तसाच राहतो आणि तोच उरलेला अर्धा भाग सुधारलेल्या भागाला पुन्हा खाली ओढतो. दारू मेंदूचे काम मंदावणारा पदार्थ आहे. पहिल्या तासाभरात हलके वाटते आणि झोपही लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती झोप तुटत राहते, सकाळी मन आदल्या दिवशीपेक्षा खाली असते, त्यामुळे दिवसातली कामे टळतात, टळलेल्या कामांची लाज संध्याकाळपर्यंत साचते आणि त्या लाजेवर उतारा म्हणून पुन्हा ग्लास भरला जातो. हे चक्र कोठेही तोडले तरी चालते, पण दोन ठिकाणी एकाच वेळी तोडले तर ते टिकण्याची शक्यता वाढते. म्हणून पुढील प्रत्येक टप्प्यात मन आणि पिणे या दोन्हींच्या नोंदी शेजारी शेजारी येतील.

टप्पा १: सुरक्षिततेचे तीन प्रश्न

हा टप्पा दहा मिनिटांचा आहे आणि तो न पिता, दिवसाउजेडी करायचा आहे. खालील तिन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा.

पहिला प्रश्न: जगणे नकोसे वाटते का, स्वतःला इजा करण्याचे किंवा जीव देण्याचे विचार येतात का? उत्तर ‘हो’ असेल तर हा लेख येथेच बाजूला ठेवा आणि आजच एका माणसाशी बोला. विचारांबरोबर बेत किंवा तयारी असेल, तर आपल्या भागातील आपत्कालीन क्रमांकावर किंवा आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनवर लगेच फोन करा, अथवा कोणाला तरी सोबत घेऊन रुग्णालयात जा. जवळ धोकादायक वस्तू किंवा गोळ्यांचा साठा असेल तर तो दुसऱ्याच्या ताब्यात द्या. पिल्यानंतर हे विचार वाढतात आणि त्यांना आवर घालणारा विवेक त्याच वेळी सैल होतो. म्हणून अशा दिवसांत एकटे पिणे विशेष घातक ठरते.

दुसरा प्रश्न: प्यायला न मिळाल्यास शरीर तक्रार करते का? सकाळी हात थरथरणे, घाम, मळमळ, छातीत धडधड, ती थांबवण्यासाठी सकाळीच थोडी घ्यावी लागणे, किंवा यापूर्वी दारू बंद केल्यावर झटका (फिट) आलेला असणे, यांपैकी काहीही असल्यास एकाएकी बंद करू नका. शेवटचे पेय घेतल्यावर साधारण ६ ते २४ तासांत ही लक्षणे सुरू होतात, झटक्याचा धोका बहुधा पहिल्या ४८ तासांत असतो, आणि भ्रम, ताप व प्रचंड अस्वस्थता असलेली ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ ही अवस्था दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान येऊ शकते. त्यात जीव जाऊ शकतो. योग्य औषधांच्या आधाराने हाच काळ सुरक्षितपणे पार होतो.

तिसरा प्रश्न: सध्या कोणती औषधे चालू आहेत आणि दुसरा कोणता आजार आहे का? झोपेच्या किंवा चिंता कमी करणाऱ्या गोळ्या आणि दारू एकत्र आल्यास श्वास मंदावू शकतो. यकृताचा आजार, गरोदरपण, कोणी नसताना माणसांचे आवाज ऐकू येणे, किंवा मध्येच काही दिवस झोप न लागता अतिउत्साह असणे, यांपैकी काही असल्यास आधी डॉक्टरांची भेट घ्या आणि ॲपचा विचार त्यानंतर करा.

> सावधान: कोणतेही ॲप, कितीही चांगले असले तरी, शरीराला जडलेली दारू घरी एकट्याने एकदम सोडण्यासाठी वापरू नका. ‘७ दिवसांत मुक्ती’ असे आव्हान देणाऱ्या कार्यक्रमांत ही तपासणी नसेल, तर त्यांच्यापासून दूर राहा.

टप्पा २: फोन तयार करा

ज्या फोनवर मदत घ्यायची त्याच फोनवर दारू घरपोच मागवण्याचे ॲप, पार्टीचे ग्रुप आणि दारूच्या जाहिराती असतात, याकडे फार कमी जण लक्ष देतात. नवीन काही डाउनलोड करण्यापूर्वी अर्धा तास साफसफाईसाठी द्या.

दारू मागवता येईल असे प्रत्येक ॲप काढा आणि त्यात साठवलेले कार्डही हटवा. नुसते ॲप काढले तर ते दोन मिनिटांत परत येते, पण कार्डाचे १६ अंक पुन्हा भरताना थांबायला वेळ मिळतो. गूगलच्या जाहिरात सेटिंगमध्ये दारूच्या जाहिराती कमी दाखवण्याचा पर्याय आहे, तो निवडा. ज्या ग्रुपवर दर शुक्रवारी ‘आज कुठे?’ हा मेसेज येतो, तो निदान चार आठवडे म्यूट करा. ग्रुप सोडलाच पाहिजे असे नाही, कारण सोडल्यावर दहा जणांना उत्तर देत बसावे लागते.

त्यानंतर तीन क्रमांक पहिल्या स्क्रीनवर आणा: एका विश्वासू माणसाचा, डॉक्टर किंवा समुपदेशकाचा आणि हेल्पलाइनचा. हेल्पलाइन कोणत्या वेळेत चालू असते हे आत्ताच पाहून नावासोबत लिहून ठेवा. बिकट रात्री क्रमांक शोधावा लागणे हीच मोठी अडचण होऊन बसते.

शेवटी गोपनीयता. आरोग्याच्या ॲपसाठी वेगळा ईमेल वापरा, लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशनचा मजकूर दिसणार नाही अशी सोय करा, आणि ॲपने संपर्क यादी, लोकेशन किंवा फोटो मागितल्यास कारण न पटता परवानगी देऊ नका. ही भीती निराधार नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ आणि २०२४ साली ऑनलाइन समुपदेशन व दारूवरील उपचार देणाऱ्या कंपन्यांवर, लोकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातदारांना पुरवल्याबद्दल, कारवाई केली होती. गोपनीयता धोरण संपूर्ण वाचणे जमले नाही तरी ‘माहिती कोणाला दिली जाते’ आणि ‘खाते कायमचे कसे पुसायचे’ हे दोन परिच्छेद शोधून वाचाच.

टप्पा ३: दोन्ही गोष्टी मोजा

या टप्प्यावर अजून काहीही बदलायचे नाही, हे ऐकून अनेकांना चुकल्यासारखे वाटते. पण सुरुवात कोठून झाली हे लिहून ठेवलेले नसेल, तर पाचव्या आठवड्यात झालेली सुधारणा दिसत नाही. उदास मनाला तर स्वतःची सुधारणा दिसण्याची सवयच नसते.

मनासाठी ‘पीएचक्यू-९’ ही ९ प्रश्नांची प्रश्नावली वापरा. मागील दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला, असे ती विचारते आणि एकूण गुण ० ते २७ असतात. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून बऱ्यापैकी तीव्र आणि २० पासून तीव्र लक्षणे मानली जातात. एकूण गुण कमी असले तरी नवव्या प्रश्नाचे उत्तर शून्य नसेल तर टप्पा १ कडे परत जा, कारण तो प्रश्न जीव नकोसा होण्याविषयी आहे. पिण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही १० प्रश्नांची चाचणी वापरा. तिचे गुण ० ते ४० असतात. ८ किंवा अधिक गुण म्हणजे पिणे धोक्याच्या पातळीवर आले आहे. २० किंवा अधिक असल्यास अवलंबित्वाची दाट शक्यता धरून डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी करून घ्या. प्रश्नावली निदान करत नाही. डॉक्टरांशी बोलायला सुरुवात कोठून करायची, एवढे मात्र ती नक्की सांगते.

येथे सर्वाधिक चूक होते ती ‘एक ड्रिंक’ मोजण्यात. मोठा ग्लास, कडक बिअर, हाताने ओतलेला पेग, या सगळ्यांना ‘एक’ म्हटले जाते आणि नोंद निम्म्याने कमी भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात एक माप म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. मिलिलिटरला बाटलीवरील टक्क्यांनी गुणा, १०० ने भागा आणि आलेल्या संख्येला ०.७९ ने गुणा, म्हणजे ग्रॅम मिळतात. ४० टक्क्यांची ६० मिलिलिटर दारू साधारण १९ ग्रॅम होते, म्हणजे जवळजवळ दोन मापे. ८ टक्क्यांच्या बिअरचा ५०० मिलिलिटरचा एकच कॅन ३१ ग्रॅमच्या पुढे जातो, म्हणजे तीन मापांहून अधिक. ‘मी दोनच बिअर घेतो’ म्हणणाऱ्याची त्या दिवशीची नोंद प्रत्यक्षात सहाच्या वर असू शकते.

दोन आठवडे रोज एक ओळ लिहा. नोंद कशी असावी याचा नमुना पाहा:

*गुरुवार, रात्री ९.४०. खोलीवर एकटा. दुपारी जेवलो नव्हतो. आईचा फोन आला, उचलला नाही. मन १० पैकी ३. ठरवली होती २ मापे, झाली ७. शुक्रवारी सकाळी मन १० पैकी २, कामावर दांडी.*

ओळ लहान आहे, पण तिच्यात पुढच्या कामाचा सगळा कच्चा माल आहे: रिकामे पोट, एकटेपण, टाळलेला फोन, आणि ठरवलेल्या व झालेल्या मापांतील अंतर. बहुतेक जण शेवटचा भाग, म्हणजे दुसऱ्या सकाळची मनःस्थिती, लिहीतच नाहीत, कारण ॲपमध्ये त्यासाठी रकाना नसतो. तो तुम्ही हाताने जोडा. पिल्यावर मिळालेले हलकेपण आणि सकाळी मोजावी लागलेली किंमत एकाच ओळीत आल्याशिवाय त्यांचा हिशोब मनाला पटत नाही.

> तपासून पाहा: दोन्ही प्रश्नावल्या भरल्या, त्यांवर तारीख टाकली आणि निदान १० दिवसांच्या ओळी हाती आहेत का? पीएचक्यू-९ रोज भरू नका. तिचे प्रश्न दोन आठवड्यांविषयी आहेत, त्यामुळे ती दर दोन आठवड्यांनी, एकाच वारी, आदल्या रात्री पिलेली नसताना भरा.

टप्पा ४: एक माणूस सोबत घ्या

एकट्याने वापरलेली ॲप बहुतेक जण काही आठवड्यांत सोडून देतात. कोणी तरी अधूनमधून विचारपूस करत असेल तर कार्यक्रम पूर्ण होण्याचे प्रमाण आणि परिणाम, दोन्ही सुधारतात, हे अशा उपचारांच्या संशोधनात वारंवार दिसले आहे. हा माणूस कार्यक्रमातला समुपदेशक असेल तर उत्तम. तो नसेल तर मित्र, बहीण, सहकारी कोणीही चालेल, फक्त तो तुमच्या पिण्याच्या सोबतीतला नसावा.

काय सांगायचे हे सुचत नाही म्हणून ही पायरी राहते. हा मेसेज तुमच्या भाषेत बदलून वापरता येईल:

*‘काही महिन्यांपासून माझं मन खूप खालावलंय आणि पिणं वाढलंय. मी एक ऑनलाइन कार्यक्रम सुरू करतोय. सल्ला नकोय, पण दर रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं फोन करशील का? आणि मी रात्री नुसतं “आत्ता” एवढंच लिहिलं, तर मेसेज न करता सरळ फोन कर.’*

या मेसेजमध्ये मदत किती वेळाची, कोणत्या वारी आणि संकटाची खूण कोणती, हे तिन्ही स्पष्ट आहे. ‘गरज पडली तर सांगतो’ असे मोघम बोलणे टाळा, कारण गरज पडते त्या वेळी उदास माणूस सांगत नाही.

जवळच्या माणसांसाठी. रविवारच्या फोनवर ‘पिलास का?’ हा प्रश्न पहिला विचारू नका. ‘या आठवड्यात झोप कशी होती, कोणता दिवस सर्वांत जड गेला?’ असे विचारा, पिण्याचा विषय त्यातून आपोआप निघतो. फोनमधील नोंदी चोरून वाचू नका, कारण एकदा ते कळले की पुढच्या नोंदी खोट्या होतात. जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारण्यास घाबरू नका, विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत. आणि दारू सोडवणाऱ्या म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या गोळ्या किंवा पावडर त्यांच्या नकळत जेवणात मिसळण्याचा विचारही करू नका. दारू सोडवण्यासाठीचे ‘डायसल्फिराम’ हे औषध घेतलेल्या व्यक्तीने दारू पिल्यास रक्तदाब कोसळण्यापर्यंत गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, आणि औषध बंद केल्यावरही तिचा धोका सुमारे दोन आठवडे राहतो. ते औषध घेणाऱ्याला माहीत असूनच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, द्यायचे असते.

टप्पा ५: एकच साधन निवडा

आता ॲप. चार नकोत, एकच घ्या आणि ते चार आठवडे बदलू नका. निवडताना आधी हे पाहा की त्यात मनःस्थिती आणि पिणे दोन्हींची नोंद होते का. होत नसेल तर मनाचे ॲप घ्या आणि पिण्याची ओळ टप्पा ३ प्रमाणे वहीत चालू ठेवा. त्यातील पद्धत कोणती आहे तेही सांगितलेले हवे. बोधात्मक वर्तन उपचार (‘सीबीटी’, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याचे काम), वर्तन सक्रियीकरण (मन नसतानाही लहान कामे सुरू करणे) आणि प्रेरणादायी संवाद (बदलण्याची स्वतःची कारणे बोलण्यातून शोधणे) या पद्धती या दोन्ही त्रासांसाठी तपासलेल्या आहेत. कोण्या तज्ज्ञाने किंवा संस्थेने ते बनवले आहे याचा पत्ता लागायला हवा, आणि संकटाच्या वेळी काय करायचे हे दोन टिचक्यांत सापडायला हवे. आकर्षक चित्रे, पदके आणि सलग दिवसांचे आकडे यांवर निवड करू नका. ‘४१ दिवस सलग’ हा आकडा जितका मोठा होतो तितका तो शून्य झाल्यावरचा धक्काही मोठा असतो, आणि उदास मनाला तो सोसत नाही. असा मोजणारा भाग बंद करता येत असेल तर बंद करा.

चॅटबॉटविषयी वेगळे सांगायला हवे. मध्यरात्री मन मोकळे करण्यासाठी, विचार शब्दांत मांडण्यासाठी त्याचा उपयोग होऊ शकतो. परंतु तो तुमचा थरथरता हात पाहू शकत नाही, तुमच्या बोलण्यातला जडपणा त्याला कळत नाही, आणि अनेकदा तो तुमच्याच म्हणण्याला मान डोलावतो. औषधाची मात्रा, दारू बंद करण्याचे वेळापत्रक आणि जीव देण्याचे विचार हे तीन विषय त्याच्यावर सोपवू नका.

टप्पा ६: पहिले चार आठवडे

पहिल्या आठवड्यात ध्येय ठरवा. ऑडिटचे गुण २० किंवा अधिक असतील, टप्पा १ मधील शारीरिक लक्षणे असतील किंवा नैराश्यासाठी औषधे चालू असतील, तर डॉक्टरांच्या मदतीने पूर्ण बंद हेच ध्येय योग्य. इतरांनी ‘कमी करणार’ असे न लिहिता आकडे लिहावेत: आठवड्यात किती दिवस अजिबात नाही आणि उरलेल्या दिवशी जास्तीत जास्त किती मापे. अनेकांना ‘चार आठवडे पूर्ण विश्रांती’ हे ध्येय उलट सोपे जाते, कारण रोज रात्री हिशोब करत बसावे लागत नाही. त्याचा आणखी एक फायदा आहे. दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत बऱ्याच जणांची उदासी स्पष्टपणे कमी होते, आणि जी उरते ती दारूपलीकडची आहे हे डॉक्टरांना ठरवता येते.

दुसऱ्या आठवड्यात दिवस भरायला घ्या. वर्तन सक्रियीकरण या पद्धतीचे म्हणणे असे की, इच्छा होण्याची वाट न पाहता काम आधी करायचे, उत्साह त्याच्यामागून येतो. चूक होते ती कामाच्या आकारात. ‘रोज व्यायाम करणार’ हे उदास माणसासाठी फार मोठे आहे. ‘मंगळवारी ६.३० ला बूट घालून दहा मिनिटे बाहेर’ हे चालते. आठवड्याला अशी तीन कामे कॅलेंडरमध्ये टाका: एक शरीराचे, एक माणसांत जाण्याचे आणि एक टाळत आलेले. आणि हे महत्त्वाचे: तुमच्या १४ ओळींमध्ये पिण्याची जी वेळ वारंवार दिसते, बरोबर तिच्या अर्धा तास आधी त्यांपैकी एक काम ठेवा. दोन्ही प्रश्न एकाच आराखड्यात ठेवण्याचा अर्थ प्रत्यक्षात हा आहे.

तिसऱ्या आठवड्यात ‘जर-तर’ वाक्ये लिहा. ‘संयम ठेवणार’ हे वाक्य रात्री नऊला कामी येत नाही, कारण त्यात कृती नाही. ‘जर मित्राने ग्लास पुढे केला, तर मी “आज गाडी चालवायची आहे” असे म्हणून सोड्याचा ग्लास उचलेन’ यात प्रसंग ठरलेला आहे आणि हात काय करणार तेही ठरलेले आहे. अशी तीन वाक्ये पुरतात, त्याहून अधिक लक्षात राहत नाहीत. ती फोनच्या नोंदवहीत न ठेवता लॉक स्क्रीनच्या चित्रावर लिहा.

तलफ आली की ती वाढतच जाणार असे वाटते. प्रत्यक्षात ती लाटेसारखी चढते आणि न पिताही उतरते, बहुधा अर्ध्या तासाच्या आत. २० मिनिटांचा टायमर लावा, जागा बदला, काहीतरी खा, पाणी प्या आणि दर पाच मिनिटांनी तलफेला १० पैकी किती गुण द्याल ते टिपा. पहिल्यांदा ७, ८, ८, ५, ३ असे आकडे स्वतःच्या हाताने लिहिलेले पाहिले की पुढची लाट तेवढी भयंकर वाटत नाही. २० मिनिटांनंतरही आकडा उतरला नाही तर रविवारच्या माणसाला तो ठरलेला शब्द पाठवा.

चौथा आठवडा नव्या गोष्टीचा नाही. तीन आठवडे चाललेलेच चालू ठेवा.

> सावधान: पहिल्या आठवड्यांत झोप बिघडते आणि चिडचिड वाढते. ‘पिणे सोडून उलट वाईट झाले’ असे वाटण्याचा हाच काळ असतो. झोपेसाठी स्वतःहून गोळ्या सुरू करू नका. नैराश्यावरील औषधे नुकतीच सुरू केली असतील तर त्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. २५ वर्षांखालील व्यक्तींमध्ये सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता किंवा जीव देण्याचे विचार वाढू शकतात. तसे झाल्यास औषध एकदम बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

टप्पा ७: व्हिडिओवरील भेट वाया घालवू नका

भेटीची वेळ न पिता घेता येईल अशी, शक्यतो सकाळची, निवडा. दार बंद होईल अशी खोली आणि इअरफोन नसतील तर बागेतील बाक किंवा उभी असलेली गाडीही चालते. दोन्ही प्रश्नावल्यांचे गुण आणि १४ ओळींचा फोटो आदल्या दिवशी पाठवा. पहिल्याच पाच मिनिटांत पिण्याचा खरा आकडा सांगा. बहुतेक जण तो तिसऱ्या भेटीपर्यंत लपवतात आणि तोवर निम्म्या माहितीवर औषध ठरलेले असते. भेट संपण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: पुढची तारीख कोणती, मध्येच बिघडले तर कोणाला फोन करायचा आणि कोणत्या लक्षणांवर थेट रुग्णालयात यायचे.

टप्पा ८: घसरण झाल्यावरचे २४ तास

घसरण होईल असे धरूनच हा टप्पा आधी लिहून ठेवा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी दाखवून दिले की एका ग्लासाने जितके नुकसान होते त्याहून अधिक नुकसान त्यानंतर येणाऱ्या ‘आता मोडलेच आहे, तर पूर्ण पिऊ’ या विचाराने होते. नैराश्य असेल तर त्या विचाराला ‘मी असाच आहे’ हे वाक्यही येऊन चिकटते.

म्हणून क्रम असा ठेवा. त्या रात्री कोणताही निर्णय घ्यायचा नाही, ॲप काढायचे नाही, कोणाला लांब मेसेज लिहायचे नाहीत. पाणी प्यायचे, काही खायचे, गाडी चालवायची नाही, आणि एकटे असाल व मन फार खाली गेले असेल तर पहिल्या स्क्रीनवरील क्रमांकांपैकी एक लावायचा. सकाळी नेहमीसारखीच एक ओळ लिहायची, विशेषणे न लावता: किती वाजता, कोणासोबत, आधी काय झाले, किती मापे. दुपारी त्या ओळीतून एकच नवे ‘जर-तर’ वाक्य काढायचे. त्या दिवशीचे ठरलेले लहान काम रद्द करायचे नाही, लागल्यास निम्मे करायचे.

बरेच दिवस बंद ठेवल्यानंतरची घसरण शरीरासाठीही जोखमीची असते, कारण पूर्वीइतकी दारू पेलण्याची सवय मोडलेली असते. जुन्या मापाने पिणे तेव्हा जिवावर बेतू शकते.

टप्पा ९: चार आठवड्यांनंतर

दोन्ही प्रश्नावल्या पुन्हा भरा आणि पहिल्या गुणांशेजारी ठेवा. ऑडिट मात्र मागच्या वर्षभराविषयी विचारते, त्यामुळे तिच्या गुणांत लगेच फरक दिसणार नाही, पिण्यातला बदल पाहण्यासाठी मापांची आठवड्याची बेरीज बघा. पीएचक्यू-९ पाच किंवा अधिक गुणांनी उतरली असेल तर तो लक्षणीय बदल आहे. मापे घटली पण मनाचे गुण जागचे हलले नाहीत, तर नैराश्यावर स्वतंत्र उपचार हवेत, आणखी एक ॲप नको. मन सुधारले पण पिणे तेवढेच राहिले, तर दारूची तलफ कमी करणाऱ्या औषधांविषयी डॉक्टरांना विचारा, अशी औषधे आहेत आणि तरुणांना त्यांच्याविषयी फारसे सांगितले जात नाही. दोन्ही वाढले असतील तर प्रत्यक्ष भेटीची वेळ याच आठवड्यातली घ्या.

कार्यक्रम संपला म्हणून काम संपले असे धरू नका. ऑस्ट्रेलियात १८ ते २५ वयोगटासाठी, नैराश्य आणि दारू या दोन्हींवर एकत्र काम करणारा ‘डील’ नावाचा चार सत्रांचा ऑनलाइन कार्यक्रम तयार झाला होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत कार्यक्रम संपताना सहभागी तरुणांचे नैराश्य आणि पिणे दोन्ही तुलनेच्या गटापेक्षा अधिक कमी झालेले दिसले, पण पुढील महिन्यांत दोन्ही गटांतील हा फरक कमी होत गेला. चार आठवड्यांची मदत सुरुवात चांगली करून देते. पुढचे महिने मात्र वेगळे आखावे लागतात. त्यासाठी रविवारचा फोन निदान सहा महिने चालू ठेवा, रोजच्या ओळीऐवजी आठवड्याला एक ओळ लिहा, आणि पीएचक्यू-९ साठी दर महिन्याच्या पहिल्या रविवारची आठवण कॅलेंडरमध्ये आजच लावून टाका.

मध्येच सगळे सुटले आणि दोन-तीन महिन्यांनी परत सुरू करावेसे वाटले, तर जेथे थांबला होता तेथून सुरुवात करू नका. टप्पा १ मधील तीन प्रश्नांची उत्तरे नव्या कागदावर पुन्हा लिहा, कारण दरम्यानच्या काळात शरीर बदललेले असू शकते, आणि त्यानंतर त्या एका माणसाला फोन करा.